एसी लावला की अ‍ॅव्हरेज किती पडतं? नाशिकच्या रस्त्यांवरचा हिशेब

एसी चालू ठेवला तर गाडीचं अ‍ॅव्हरेज किती पडतं, या प्रश्नाला ‘दोन किलोमीटर’ किंवा ‘दहा टक्के’ असं एकच ठोक उत्तर नाही. कारण एसी पेट्रोल खातो तो तासावर, किलोमीटरवर नाही. तुम्ही द्वारका चौकात अडकलेले असा किंवा सिन्नरच्या रस्त्याने ऐंशीने जात असा, गाडीच्या आतली हवा गार ठेवण्याचं काम जवळपास तेवढंच असतं. फरक पडतो तो त्या एका तासात गाडी किती किलोमीटर पुढे गेली याचा. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की एसी कधी लावायचा, कधी बंद करायचा आणि गॅरेजवाल्याला काय विचारायचं, हे सगळं आपोआप उलगडत जातं.

आधी यंत्रणा थोडक्यात बघू. इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या पुलीवरून एक पट्टा कॉम्प्रेसरकडे जातो. एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसरच्या तोंडावरचा मॅग्नेट क्लच ‘टक्’ करून जोडला जातो आणि इंजिन कॉम्प्रेसर फिरवू लागतं. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये त्या गॅसची उष्णता बाहेर जाते, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून तो डॅशबोर्डच्या मागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो आणि तिथे आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. या सगळ्यात खरा खर्च कॉम्प्रेसरचा. ब्लोअर चारवर ठेवला तरी तो दीड-दोनशे वॅटच घेतो. कॉम्प्रेसर मात्र उन्हात तापलेल्या हॅचबॅकमध्ये सुरुवातीला ३ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे सुमारे ४ हॉर्सपॉवर खेचतो. गाडी गार झाली की सरासरी दीड किलोवॅटवर येतो.

तासाचा हिशेब

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट, म्हणजे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. इंजिन त्यातला मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर टाकतं. चालत्या इंजिनवर जादा लोड आला, तर त्या जादा कामासाठी लिटरमागे ३ युनिटच्या आसपास हाती लागतात. म्हणजे दीड किलोवॅटचा कॉम्प्रेसर तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल घेतो. पेट्रोल शंभर रुपयांच्या घरात धरलं, तर भर उन्हाळ्यात एसीचा खर्च तासाला पन्नास रुपये.

आता हाच अर्धा लिटर दोन रस्त्यांवर लावून बघा. सीबीएस, शालिमार, द्वारका अशी गर्दीतली ये-जा करणारी गाडी तासाला सरासरी २० किलोमीटर जाते असं धरू. एसीशिवाय ती १४ चं अ‍ॅव्हरेज देत असेल, तर १०० किलोमीटरला ७.१ लिटर लागतात. ते अंतर कापायला ५ तास जातात, म्हणजे एसीचे अडीच लिटर वर. एकूण ९.६ लिटर, आणि अ‍ॅव्हरेज १४ वरून साडेदहाच्या खाली.

तीच गाडी मोकळ्या महामार्गावर ऐंशीच्या वेगाने २० चं अ‍ॅव्हरेज देते असं समजा. १०० किलोमीटरला ५ लिटर. वेळ सव्वा तास, एसीचे ०.६ लिटर. अ‍ॅव्हरेज २० वरून पावणेअठरावर. गाडी तीच, एसी तोच, ऊनही तेच. शहरात चौथा हिस्सा अ‍ॅव्हरेज गेलं, महामार्गावर जेमतेम नववा.

म्हणून ‘माझी गाडी एसीत फार पिते’ आणि ‘माझ्या गाडीला एसीने काही फरक पडत नाही’ असं सांगणारे दोघेही खरं बोलत असतात. एक सातपूर-अंबडला शिफ्टच्या वेळेत गाडी चालवतो, दुसरा आठवड्यातून एकदा पुण्याला जातो. कंपनीने छापलेलं मायलेज या वादात आणू नये. एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या ज्या चाचणीवरून तो आकडा येतो, तीत एसी बंद असतो.

सगळ्यात महाग पडतात त्या छोट्या फेऱ्या. कॉलेज रोडवर उन्हात उभी केलेली गाडी काढून दोन-तीन किलोमीटरवर गेलात, तर तो सगळा वेळ कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चाललेला असतो. गाडी गार होते तेव्हा तुम्ही उतरत असता.

इंजिनची ताकद नेमकी कुठे जाते

एक लिटरच्या पेट्रोल गाडीच्या कागदावर ६५-६७ हॉर्सपॉवर लिहिलेली असते. त्यातले ४ गेले तर काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. पण ती ताकद साडेपाच हजार आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला तितक्या फेऱ्यांना मिळते, आणि आपण गाडी चालवतो दीड ते अडीच हजारांत. २००० आरपीएमला त्याच इंजिनकडे २४ च्या आसपासच हॉर्सपॉवर असते. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ आहे, आणि टर्बो नसलेलं इंजिन तितकी ताकद कमी देतं. म्हणजे उरले २२.

आता चार माणसं घेऊन कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताय असं धरा. शंभर मीटरला पाच मीटर चढ, वेग चाळीस. गाडी वर ओढायलाच १४ हॉर्सपॉवर लागतात. हाताशी राहिले ८. पुढच्या ट्रकला ओलांडायचं असेल तर ते या ८ मधूनच. एसीने त्यातले ३ घेतले की ५ राहतात. एसी एकूण ताकदीच्या मानाने थोडंच घेतो, पण घेतो तो नेमका शिलकीतून. चढावर गाडी दबल्यासारखी वाटते ती यामुळे. इंजिन खराब झालंय असं त्यावरून मुळीच समजू नका.

बऱ्याच गाड्यांमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, काही सेकंद कॉम्प्रेसर इंजिनपासून तोडून टाकतो. इंजिनचं तापमान फार वाढलं तरीही तोडतो. ओव्हरटेक करताना क्षणभर कोमट हवा आली तर घाबरण्याचं कारण नाही. पण या सोयीच्या भरवशावर समोरून वाहन येत असताना ओव्हरटेक करू नये. आधी एक गिअर खाली घ्या, आरपीएम वाढू द्या, मग निघा. गिअर बदलून जेवढी ताकद हाती येते, तेवढी एसी बंद करूनही येत नाही.

पहिली पायरी: आपल्या गाडीचं मोजून घ्या

दुसऱ्याच्या आकड्यांवर जाऊ नका, माझ्याही नाही. वर धरलेले आकडे छोट्या पेट्रोल गाडीचे आहेत.

नेहमीच्या पंपावर टाकी भरा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबा. वरून ‘राउंड फिगर’ करू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. आठवडाभर नेहमीचा रस्ता, नेहमीच्या वेळा, एसी नेहमीसारखा. पुन्हा त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर भरा. किलोमीटर भागिले लिटर, हे झालं एसीचं अ‍ॅव्हरेज. पुढच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या एसीशिवाय करा. दोन्ही वेळा टायरची हवा सारखी हवी, नाहीतर तुलना फसते. पाच लिटरचं पेट्रोल टाकून हे मोजू नका. किमान अर्धी टाकी संपू द्या.

हे आठवड्याचं काम नको असेल तर एक झटपट तपासणी आहे. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या जागेत गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा आणि आरपीएमचा काटा बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो ७०० ते ८०० वर असतो. एसी लावल्यावर ईसीयू तो शंभर-दीडशेने वर नेतो. काटा वर न जाता खाली बुडत असेल आणि गाडी थरथरत असेल, तर थ्रॉटल बॉडीत कचरा, जुने स्पार्क प्लग किंवा कॉम्प्रेसरवर वाजवीपेक्षा जास्त दाब यांपैकी काहीतरी आहे. ज्यांच्या गाडीच्या डिस्प्लेवर तासाला किती लिटर लागतंय हे दिसतं, त्यांनी एसी बंद-चालू करून दोन आकड्यांतला फरक लिहून ठेवावा. पुढे कधी तो फरक वाढला तर एसीकडे लक्ष द्यायची वेळ आली असं समजावं.

ही तपासणी बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये करू नका. चालू इंजिनमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. याच कारणासाठी अशा जागी एसी लावून गाडीत झोपू नये, मुलांना बसवून ठेवू नये.

दुसरी पायरी: पहिली पाच मिनिटं

उन्हात उभ्या गाडीच्या आत पारा सहज ५० च्या वर जातो, तेव्हा बाहेर ३९-४० असतो. म्हणजे बाहेरची गरम हवासुद्धा आतल्यापेक्षा गार. तरीही अनेक जण दार लावून लगेच एसी पूर्ण सोडतात आणि कॉम्प्रेसरला त्या भट्टीशी झुंजायला लावतात.

आधी सगळ्या काचा खाली घ्या, ब्लोअर पूर्ण ठेवा आणि गाडी चालवायला लागा. एक-दोन मिनिटांत आतली तापलेली हवा निघून जाते. मग काचा वर, एसी चालू, आणि आतलीच हवा फिरवणारं रिसर्क्युलेशनचं बटण दाबा. त्यानंतर कॉम्प्रेसर बाहेरची चाळीस अंशांची हवा गार करत बसत नाही, आतली आधीच गार झालेली हवा आणखी गार करतो. उन्हाळ्यात या एका बटणाने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही. मात्र गाडीत चार-पाच माणसं असतील आणि प्रवास लांबचा असेल, तर अधूनमधून दोन-तीन मिनिटं बाहेरची हवा आत घ्या. बंद हवेत सगळ्यांना जडपणा येतो, आणि चालवणाऱ्याला पेंग येणं परवडत नाही.

गाडी उभी ठेवून, एसी लावून ‘आधी गार होऊ दे’ म्हणत दहा मिनिटं थांबण्यात काही अर्थ नाही. उभ्या गाडीत कॉम्प्रेसर हळू फिरतो, कंडेन्सरवर पंख्याचीच काय ती हवा लागते, आणि किलोमीटर शून्य.

सावलीत गाडी लावणं आणि पुढच्या काचेला आतून सनशेड लावणं, हे दोन्ही न चुकता करा. नाशिकची हवा कोरडी असल्यामुळे सावलीत खरोखर फरक पडतो. संध्याकाळी सहा-सातनंतर गंगापूर रोडने जाताना काचा उघड्या ठेवल्या तरी भागतं, ही सोय मुंबईकरांना नाही.

तिसरी पायरी: नॉब कुठे ठेवायचा

‘तापमान वाढवलं की पेट्रोल वाचतं’ हा सल्ला घरच्या एसीवरून आलेला आहे. गाडीत तो सगळीकडे लागू पडत नाही.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल आणि कॉम्प्रेसर गरजेनुसार कमी-जास्त काम करणारा असेल, तर २४-२५ वर ठेवल्याने खरंच वाचतं. पण साध्या, फिरवायच्या नॉबच्या एसीत बहुतेक वेळा नॉब लाल बाजूला नेला की फक्त हीटरची गरम हवा गार हवेत मिसळते. कॉम्प्रेसर कूलिंग कॉइलच्या तापमानावर बंद-चालू होत असतो, त्याला तुमच्या नॉबची खबर नसते. म्हणजे हवा गार करण्यासाठी पेट्रोल जाळायचं आणि मग तीच गरम करायची. अशा गाडीत नॉब पूर्ण गार ठेवा आणि ब्लोअर एक किंवा दोनवर आणा. कॉइलवरून कमी हवा गेली की कॉइल लवकर गार होते आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ सुटलेला राहतो. त्यातही गारठा वाटला तर सरळ एसीचं बटण बंद करून ब्लोअर चालू ठेवा. कॉइलमध्ये उरलेला गारवा काही मिनिटं पुरतो. घर यायला दोन-तीन मिनिटं असताना एसी बंद करायची सवयही त्यासाठीच चांगली. शिवाय कॉइल कोरडी होते आणि कुबट वास धरत नाही.

चौथी पायरी: काचा उघड्या की एसी

हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट, तर ताकद आठपट. नाशिकच्या उन्हाळी हवेत एका साध्या हॅचबॅकला चाळीसच्या वेगाला यासाठी अर्धा किलोवॅट लागतो, ऐंशीला ४, शंभरला जवळजवळ ८ आणि एकशेवीसला साडेतेरा.

काचा उघड्या ठेवल्याने हा विरोध वीस टक्क्यांनी वाढतो असं धरलं, तर चाळीसला जादा खर्च ०.१ किलोवॅट, म्हणजे नगण्य. ऐंशीला ०.८. शंभरला दीडच्या पुढे, म्हणजे एसीइतकाच. गाडीचा आकार आणि किती काचा किती उघड्या, यावर हा सांधा पुढे-मागे होईल. पण शहरात काचा आणि ऐंशी-शंभरच्या पुढे एसी, हा नियम डोळे झाकून पाळावा. पुढच्या वेगात काचा उघड्या ठेवण्यात पैसेही जातात, आणि आवाजाने कानही किटतात.

समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. तिथे पेट्रोल वाचवायला एसी बंद करणाऱ्यांनी वर दिलेले आकडे पुन्हा बघावेत. १२० वरून १०० वर आलात तर दर किलोमीटरला जेवढी ऊर्जा वाचते, ती एसी बंद करून वाचणाऱ्या ऊर्जेच्या दुपटीहून जास्त आहे. एसी खुशाल चालू ठेवा आणि वेग उतरवा. त्या तापलेल्या काँक्रीटवर टायरसाठीही तेच बरं.

पाचवी पायरी: घाट

कसारा असो, चांदवडचा घाट असो किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा रस्ता, चढ सुरू होण्याआधीच गाडी चांगली गार करून घ्या आणि चढावर एसी बंद करा. आतला गारवा बराच वेळ टिकतो. छोटं इंजिन आणि भरलेली गाडी असेल तर हे कराच. टर्बो किंवा दीड लिटरच्या डिझेलला एवढी गरज नाही. चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. आत उकडेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडायला दुसरा रस्ता मिळेल. तरीही काटा उतरला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

उतारावर मात्र एसी जवळजवळ फुकट आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की आजचं इंजिन पेट्रोलचा पुरवठा थांबवतं; चाकंच इंजिनला फिरवतात आणि इंजिन कॉम्प्रेसरला. इगतपुरीहून खाली उतरताना एसी लावा, गारवा साठवून घ्या. कॉम्प्रेसरचा लोड इंजिन ब्रेकिंगला थोडी मदतच करतो. दुरून दिसणाऱ्या लाल सिग्नलकडे गाडी सोडून देतानाही हेच लागू. न्यूट्रल केलंत तर हा फायदा जातो, कारण मग इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. घाटात न्यूट्रलने उतरणं तर जिवावरचं आहे.

सहावी पायरी: गॅरेजमध्ये

एसीत गॅस ‘संपत’ नाही. ती बंद यंत्रणा आहे. रबराच्या नळ्यांतून वर्षानुवर्षं अगदी थोडा झिरपतो, पण दरवर्षी उन्हाळ्यात टॉप-अप लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. तेव्हा नुसता गॅस भरून घेऊ नका. नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाच्या पाण्याने किंवा गळती दाखवणारा रंग टाकून ती आधी शोधायला सांगा. बऱ्याचदा जोडावरची एखादी ओ-रिंग किंवा खडी लागून फुटलेला कंडेन्सर निघतो.

गळती काढल्यावर व्हॅक्युम पंप निदान अर्धा तास चालवायला हवा, म्हणजे आतली हवा आणि ओल निघते. मग गॅस वजनावर भरायचा. किती ग्रॅम, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांत तो साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो. ‘थोडा जास्त टाकतो, मस्त कूलिंग येईल’ असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबवा. जादा गॅसने कंडेन्सरमधला दाब चढतो, कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि गारवा उलट कमी होतो. कमी गॅसही तितकाच वाईट, कारण मग कॉम्प्रेसर सुटतच नाही, आणि गॅसबरोबर फिरणारं तेल परत न आल्याने तो आतून घासतो. गाड्यांच्या एसीत भरला जाणारा आर-१३४ए हा गॅस हवेत सोडला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट भारी पडतो. म्हणून जुना गॅस मशिनने ओढून घेणारं गॅरेज निवडा.

गॅसपेक्षाही आधी बघायची गोष्ट म्हणजे कंडेन्सर. मळ्याच्या कच्च्या रस्त्यांची धूळ, महामार्गावरचे किडे, हे सगळं त्याच्या बारीक पाकळ्यांत बसतं. उष्णता बाहेर गेली नाही की दाब वाढतो आणि लोड सरळ इंजिनवर येतो. साध्या पाइपने हलक्या धारेने समोरून धुवा. जेट वॉशची जोरदार धार जवळून मारली की पाकळ्या वाकतात आणि हवा जायची वाटच बंद होते. एसी लावल्यावर कंडेन्सरचा पंखा फिरतोय ना, हेही त्याच वेळी बघून घ्या. उभ्या गाडीत गारवा नाही आणि पळत्या गाडीत येतो, अशी तक्रार असेल तर पहिला संशय पंख्यावर किंवा कचऱ्यावर.

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो स्वतः काढून झटकता येतो, आणि फार काळा पडला असेल तर बदला.

पाऊस, थंडी आणि वेगळ्या इंधनाच्या गाड्या

जुलैत त्र्यंबकच्या रस्त्याला काचेवर आतून धुकं चढलं, तर पेट्रोलचा विचार करू नका. एसी लावा, बाहेरची हवा आत घ्या आणि झोत काचेवर सोडा. कूलिंग कॉइल हवेतलं पाणी ओढून घेते आणि काच पाहता पाहता साफ होते. डिसेंबर-जानेवारीत एसीची गरज नसते, तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. तेल फिरतं, सील कोरडे पडत नाहीत, आणि मार्चमध्ये गळतीचा खर्च टळतो.

सीएनजीवर इंजिन मुळातच दहाएक टक्के कमी ताकद देतं, त्यामुळे एसीचा लोड चढावर जास्त जाणवतो. भरलेल्या गाडीने घाट चढताना पेट्रोलवर टाकणं हा त्यावरचा सोपा उपाय. डिझेलला खालच्या आरपीएमलाच भरपूर टॉर्क (ओढ) असल्याने पिकअप फारसा पडत नाही, डिझेल मात्र तासाच्या हिशेबानेच जातं. इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो, म्हणून पिकअपला धक्का नाही, पण रेंज कमी होते, आणि तिथेही गर्दीत जास्त, महामार्गावर कमी. अशी गाडी घरी चार्जिंगला लावलेली असतानाच निघण्याआधी गार करून घेतली, तर तो सुरुवातीचा मोठा खर्च बॅटरीऐवजी घरच्या मीटरवर पडतो आणि पूर्ण रेंज घेऊन निघता येतं.